आपला दोष आपणच सांगायचा

"लागला! माझा ब्रश लागला दगडाला!" कितिया ओरडली आणि हात वर करून जागच्या जागी थांबली.

दगड मात्र थांबला नाही. सरकत सरकत तो पिवळा दगड वर्तुळाच्या मध्यापाशी आला आणि तिथं ठाण मांडून बसलेल्या लाल दगडापेक्षा चांगला दोन बोटं आत जाऊन थांबला.

रीगातल्या त्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. एकानंही टाळी वाजवली नाही.

लाल दगड सोल्विताच्या संघाचा, पिवळा कितियाच्या. सोल्विता त्या संघाची कर्णधार, आणि कितियाची आई. सगळ्या लात्व्हियात कर्लिंग खेळणाऱ्या बायका त्या किती? आई एका संघात आणि लेक समोरच्या, याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. पण आज अंतिम सामना होता. गुण बरोबरीत आणि हा शेवटचा दगड. जिंकेल तो संघ युरोपच्या स्पर्धेला जाणार, हरेल तो घरी.

कर्लिंगमध्ये बर्फावरून जड दगड सरकवत सोडायचा, सोबतिणींनी त्याच्यापुढचा बर्फ ब्रशनं घासून त्याला वाट करून द्यायची; मध्याला ज्याचा दगड जवळ, गुण त्याचा, पण ब्रश दगडाला लागला की तो दोष. या खेळात पंच शिट्ट्या फुंकत नाही. आपला दोष आपणच सांगायचा, आणि सांगितला की त्यावर कुणी शंका घ्यायची नाही. मग समोरच्या कर्णधारानं ठरवायचं, दगड उचलायचा की राहू द्यायचा.

"अगं, मला तर काही दिसलं नाही!" कितियाची कर्णधार लाउमा धावत आली. दगड तिनंच सोडला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू लांब होतीस. मला कळलं ना हाताला."

"सोल्विता, बघत काय बसलीस?" सोल्विताच्या संघातली इंगुना म्हणाली. "उचल तो दगड. हातातोंडाशी आलाय घास!"

सोल्विता दोन्ही दगडांवर वाकली. सत्तेचाळीस वर्षांची बाई ती. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. तीनदा अंतिम सामन्यात हरली होती, युरोपची स्पर्धा एकदाही गाठली नव्हती. पुढच्या वर्षी हा गुडघा बर्फावर टेकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते घरीदारी सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि समोर ही पोर. सातव्या वर्षी सोल्वितानंच तिला बर्फावर उभं केलं. पंधराव्या वर्षी लहान गटाचं पदक, सतराव्या वर्षी बायकांच्या संघात. औंदा येल्गावाच्या कॉलेजात पशुवैद्यकीला जागा मिळाली होती. "एक वर्ष थांब, हाच तुझा हंगाम आहे," आई म्हणाली आणि पोरगी हूं की चूं न करता थांबली. महिनाभर तिच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. अंतिम सामन्याची धास्ती, दुसरं काय? आजही तिचा हात हलका पडत होता. लाउमा दोनदा खेकसली होती, "अगं, जोर लाव की! भात नाही ढवळायचाय!"

"कितिया, इकडे बघ," ती म्हणाली. "लागल्यावर दगडाची वाट बदलली का?"

"बदलली असेल."

"असेल म्हणजे?"

"उचल ना गं! नियम आहे!" कितियाचा आवाज फाटला.

सोल्विताला भरून आलं. युरोप हातचा जातोय, तरी पोर खोटं बोलायला तयार नाही! अशा लेकीला शिक्षा करायची? आणि दगडाची वाट तर रेसभरही बदलली नव्हती. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. अशा वेळी चांगला कर्णधार दगड उचलत नाही, हे तिनं वर्षानुवर्षं नव्या पोरींना शिकवलं होतं.

"लवकर सांगा," पंच म्हणाला.

सोल्वितानं एकदा लाल दगडाकडे बघून घेतलं. "राहू द्या. आहे तिथंच राहू द्या." आणि हार मानून तिनं लाउमापुढे हात केला.

इंगुनानं ब्रश आपटला. "चुलीत गेली तुझी माया! आम्ही तिघी काय तुझ्या लेकीच्या बारशाला आलो होतो?"

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला. लाउमा बर्फावर बसून रडू लागली, बाकीच्या पोरी तिच्या अंगावर पडल्या. कितिया तेवढी होती तिथंच उभी होती. सोल्विता लंगडत तिच्यापाशी गेली आणि तिला घट्ट कवेत घेतलं.

"जा, माझे बाई. माझं राहिलं ते तू पुरं कर. यंदा युरोप, पुढं जगाची स्पर्धा. आता मागं वळून बघायचं नाही."

कितिया आईच्या खांद्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. "आनंद मावेना पोरीला," मागून कुणीतरी म्हणालं.

"आता मला जावंच लागेल ना?" कितियानं विचारलं.

"वेडी कुठली! जावं लागेल काय म्हणतेस?"

"आई, ब्रश लागलाच नव्हता गं."