बाळामार्फत

बारशाच्या भर पंगतीत गेनबांनी विहीणबाईंच्या पुरणपोळीची दोनदा तारीफ केली, तेव्हापासून मंदाबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. पोळ्या आपल्या आईच्या, म्हणून सुनेचा, प्रेरणाचा जीव खालीवर. घरातलं सगळं बोलणं झोळीतल्या बाळामार्फत चाले.

"सांग तुज्या आज्याला, च्या निवतोय."

"आजीला म्हणावं, दिसतंय मला."

चार दिवसांसाठी प्रेरणा माहेरी कामथडीला गेली खरी, पण बाळाशिवाय ही दोघं बोलणार कशी, या घोरानं दुसऱ्याच दिवशी बाळाला घेऊन परत आली. दारातच थबकली. आत सासूसासरे रिकाम्या झोळीला झोका देत बसले होते.

"आजीला सांग, हिरव्या साडीत लई झ्याक दिसती."

"आज्याला म्हणावं, तीस वर्सांनी दिसलं व्हय?"

"तिला सांग, रोजच दिसतं. तोंडावर बोलाय लाज वाटती."

प्रेरणा पाय न वाजवता मागं फिरली. एसटीच्या थांब्यावरून तिनं फोन लावला, "आत्या, अजून आठ दिवस राहू का माहेरी?"

"थांब हां, इचारते," मंदाबाई म्हणाल्या आणि तिकडं त्यांचा लाडिक आवाज ऐकू आला, "अवं, ऐकलं का?"