नव्व्याण्णव पक्षी आणि सासूबाई

नव्व्याण्णव पक्षी झाले होते आणि सासूबाई दगडावरून उठायला तयार नव्हत्या.

पक्षिमंडळाची वार्षिक स्पर्धा होती. संध्याकाळी सहापर्यंत जास्तीत जास्त जातींचे पक्षी नोंदवायचे. नियम एकच जाचक. प्रत्येक पक्षी जोडीतल्या दोघांनी पाहायचा आणि दोघांनी वहीत सही करायची. तीन वर्षं औषधवाल्याची बायको त्याच्यामागे फरपटली होती. यंदा तिनं हात टेकले आणि आपल्या आईला पुढे केलं. तिन्ही वर्षं दातांच्या डॉक्टरांनी त्याला एका पक्ष्यानं हरवलं होतं. या वेळी नाही म्हणजे नाही, असं तो दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होता.

सकाळपासून सासूबाई निमूट पळाल्या. एकेका पक्ष्याला अर्धं मिनिट. पण पावणेसहाला तळ्याकाठी त्यांनी बसकण मारली. समोरच्या फांदीवर खंड्यांची जोडी होती. नर चोचीत मासा धरून मादीची मनधरणी करत होता. मादी ढुंकून बघत नव्हती.

"आई, खंड्या सकाळीच झाला. पलीकडच्या चिखलात पाणलावा आहे, मी आत्ताच पाहून आलो. शंभरावा. तुम्ही नुसती सही करा."

"जावईबापू, पस्तीस वर्षं पोस्टात काढली. बघितल्याशिवाय शिक्का मारला नाही."

"मग बघायला चला ना."

"आधी हिचं काय ठरतंय ते बघू दे."

तो चरफडत शेजारी बसला. नरानं तो मासा स्वतःच गिळला, सूर मारला आणि दुसरा आणला. तोही नापसंत.

"तुम्हीसुद्धा दोन नकार पचवून तिसऱ्यांदा आला होतात," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हाही मी आतून असंच बघत होते."

औषधवाल्याला हसू आवरेना. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. खंड्या त्यानं शेकडो वेळा वहीत लिहिला होता. पण नर माशाचं तोंड मादीकडे करून धरतो, तिला गिळायला सोपं जावं म्हणून, हे त्याला आजच दिसलं. त्याचा जीव त्या नरात गुंतला.

सहाला सात मिनिटं कमी असताना डॉक्टर आणि त्यांचा भाऊ धापा टाकत आले.

"आमचे नव्व्याण्णव. तुमचे?"

"पलीकडच्या चिखलात पाणलावा आहे, तो तुम्ही घ्या," औषधवाला दुर्बीण न काढता कुजबुजला. "पण डॉक्टर, पाय न वाजवता जा. हा तिसरा मासा घेऊन आलाय."