पानांची दिशा

बाबांच्या खोलीला ऊन नव्हतं, म्हणून लेकीने तिथे कमी उजेडात तगणारी रोपं ठेवली आणि वर रोपांसाठीचा जांभळट दिवा लावला. महिन्याभरात सगळी पानं दिव्याकडे आणि खिडकीकडे पाठ फिरवून आरामखुर्चीतल्या बाबांकडे वळली.

"काय गं, मी सूर्य आहे की काय?" बाबा हसले.

तिने प्रकाशमापक त्यांच्या छातीशी धरला. आकडा खिडकीपेक्षा मोठा आला. तिने दुसरं यंत्र आणलं, तरी तोच.

मग ती रोज मोजू लागली. आकडा रोज थोडा उतरत होता. डॉक्टर म्हणाले, "ठणठणीत आहेत. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

आज दुपारी बाबा चहा पिता पिता शेजाऱ्यांची नक्कल करत होते, आणि कोपऱ्यातलं एक पान हळूच खिडकीकडे वळलं. मग त्याच्या शेजारचं.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय, बाबा. पुढे सांगा ना," असं म्हणत ती एकेक कुंडी धरून त्यांच्याकडे फिरवू लागली.

शेवटची कुंडी फिरवेपर्यंत पहिलीची पानं पुन्हा खिडकीकडे गेली होती.