लेकुरवाळी अळी

“आई, हो बाजूला. आज फवारतोच मी,” मुलगा म्हणाला. औषधाचा पंप त्याच्या हातात होता.

सुईणबाई टोमॅटोच्या वाफ्यासमोरून हलल्या नाहीत. बोटाएवढ्या हिरव्या अळ्यांनी निम्मी झाडं बोडकी केली होती. अळी पानाच्याच रंगाची, आणि त्यांची नजर आता अधू झालेली. रोज वेचूनही किती सापडणार? पण सुनेला चौथा महिना होता. पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. ठरत होता तो फक्त या वाफ्यातला टोमॅटो, चिमूटभर मीठ लावून. त्यावर विष कसं मारायचं?

“बरं, ही एक तरी चिरड,” मुलानं एक जाडजूड अळी दाखवली.

सुईणबाईंनी चष्मा पुसला. अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे दाणे दाटीवाटीनं उभे होते.

“अगं बाई, लेकुरवाळी आहे ही! हिला मी नाही हात लावायची.”

“उद्या हीच पन्नास पोरं झाडं फस्त करतील. मग बस त्यांना न्हाऊमाखू घालत!”

सून दारातूनच म्हणाली, “राहू द्या हो चार दिवस. आईंचा जीव अडकलाय तिच्यात.”

मुलगा चरफडत निघून गेला. सुईणबाई मात्र रोज सकाळी अळीची खबर घ्यायच्या, अवघडलेल्या बाईची घ्यावी तशी. ती जागची हलत नव्हती. पान तर तोंडालाही लावत नव्हती.

पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्यांना हाका मारून परसात बोलावलं. मुलगा पंप हातात घेऊनच आला. दाण्यांची टोपणं एकेक करून उघडत होती आणि आतून मुंगीएवढ्या काळ्या गांधीलमाश्या बाहेर पडत होत्या. पंख वाळले तशा त्या पानापानावर पसरल्या. सुईणबाईंना महिनाभर न दिसलेल्या बारक्या अळ्या त्यांना क्षणात सापडत होत्या. एकीनं शेपटीची सुई एका बारक्या अळीच्या अंगात खुपसली, अंडी सोडली आणि ती पुढच्या पानाकडे उडाली. सुईणबाईंनी झर्रकन वळून जाड्या अळीकडे पाहिलं. मुलानं पंप कधी खाली ठेवला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

जाडी अळी आता नुसतं रिकामं कातडं उरली होती.

“एवढी पोरं जन्माला घातली आणि गेली बिचारी,” सून कळवळून म्हणाली.

सुईणबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

“ही आई नव्हेच गं. यांची आई केव्हाच उडून गेली. ही तिनं पोरांना बांधून दिलेली शिदोरी.”