गुंड्याचा कोपरा

दिवसभर घरात एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला बघायला काहीतरी हवं, म्हणून शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंनी गुंड्याच्या उंचीवर भिंती कुत्र्यांना नीट दिसणाऱ्या निळ्या-पिवळ्या रंगांत रंगवल्या, खिडकीशी बाकडं ठेवलं. गुंड्या मात्र तासन्‌तास एका रिकाम्या कोपऱ्याकडेच बघत शेपूट हलवायचा.

"ताई, हे घर सोड बाई," त्यांची धाकटी बहीण त्या कोपऱ्याकडे बघत म्हणाली.

"का म्हणून? घर माझं, कुत्रा माझा. ज्याला पटत नसेल त्याने चालतं व्हावं!"

बाईंनी खुर्ची उचलली आणि थेट त्या कोपऱ्यात ठाण मांडलं. "ये रे गुंड्या!"

गुंड्या धावत आला. त्याने हनुवटी टेकवली, पण बाईंच्या मांडीवर नाही, त्यांच्या शेजारी, हवेत.

बहीण दाराकडे सरकली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

गुंड्याच्या कानांमधले केस हळूच दबले, उठले, पुन्हा दबले.