साहेबांच्या केबिनमधली पानगळ

"माणसापुढे निसर्गाने आजवर मानच तुकवली आहे!" टेबलावर हात आपटून साहेबांनी जाहीर केलं, आणि त्यांच्या चहात एक वाळकं पान पडलं.

रानाची राखण करणाऱ्या मावशींनी वर पाहिलं. छत सिमेंटचं होतं आणि खिडक्या बंद होत्या. गावाबाहेरचं ते शेवटचं जुनं रान राखीव करायच्या कागदावर आज सही झाली नाही, तर उद्या करवती लागणार होत्या.

"मूठभर झाडं ती, मावशी. निम्मं वर्ष तर उघडीबोडकी उभी असतात."

"पानं गाळतात, पण जागा सोडत नाहीत. मीही सोडणार नाही. सही करा."

"करत नाही, जा!" साहेबांनी हात झटकला, तशी त्यांच्या बाहीतून दोन पानं फायलीवर पडली. त्यांनी बाही झाडली, तर ढीगच पडला. ते घाईने उठायला गेले, पण पाय फरशीवरून सुटेनात.

मावशींनी पानं बाजूला सारून पेन पुढे केलं. "इथे. तारखेसकट."

साहेबांनी निमूट सही केली. मग खिडकीकडे बघत ते अगदी नरमाईने म्हणाले,

"मावशी, तेवढा पडदा सरकवता का? माझ्या अंगावर ऊन येत नाही."