अपडेट न झालेली पोरं

मी अंगणवाडी सेविका. चार वर्षांपूर्वी ऑफिसनं दिलेला फोन मी लेकरासारखा जपला, काचेवर एक चरा नाही. पण गेल्या महिन्यात पोरांची वजनं भरायचं ॲप उघडेना. सांगलीला नेऊन दाखवला, तर दुकानदार म्हणाला, "राणीताई, ॲप नवीन आलंय अन् कंपनीनं तुमच्या फोनचं अपडेट कायमचं बंद केलंय. फोन चांगला हाय, पण ह्याच्यावर ॲप आता चालायचं न्हाई."

मी वजनं वहीत लिहून ऑफिसात नेली. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. "ॲपवर पोरं दिसत नाहीत, म्हणजे पोरं नाहीत. नसलेल्या पोरांना खाऊ कसा पाठवू?"

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी नाथाजीमामांच्या उसाच्या ट्रॉलीत एकोणीसच्या एकोणीस पोरं बसवली, वजनकाटा घेतला आणि सगळ्यांना ऑफिसच्या व्हरांड्यात ओळीनं उभं केलं. तो फोन साहेबांच्या टेबलावर आदळला. "मोजा साहेब! एकेकाला काट्यावर चढवा! ह्यातलं कुठलं पोरगं न्हाई, ते सांगा मला!"

साहेब उठून बाहेर आले. बोटानं एकोणीस पोरं मोजली. सगळ्यात धाकट्याच्या गालाला हात लावला.

"बरं केलंत ताई, समक्ष आणलीत," ते म्हणाले.



"आता ह्या सगळ्यांचा एक फोटो काढा आणि ॲपवर टाका. लगेच खाऊ सुरू करतो."